यंत्र ट्रॉलीवर नीट बांधून कसं आणायचं?

तुरीचा हंगाम जवळ आला की आमच्या भागात गटांच्या बैठकीत डाळमिलचा विषय निघतोच. ठराव होतो, कर्ज मंजूर होतं, तीन दुकानांची कोटेशनं येतात, त्यावर दोन-दोन तास चर्चा चालते. पण ते यंत्र दुकानातून गावात येणार कसं, यावर पाच मिनिटंही कुणी बोलत नाही. "कुणाची तरी ट्रॉली बघू," एवढ्यावर विषय मिटतो. आणि मग खरेदीच्या दिवशी दुकानासमोर उभं राहून सुतळी शोधायची वेळ येते.

आजचं बोलणं त्याच गोष्टीवर. जड यंत्र सपाट ट्रॉलीवर, म्हणजे फाळके काढलेल्या किंवा फाळके नसलेल्या ट्रॉलीवर, नीट आणि कायद्यात बसेल असं कसं आणायचं. डाळमिलचं उदाहरण घेते, कारण अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळमिल आपल्याकडे बऱ्याच गटांना माहीत आहे. पण पिठाची गिरणी असो, रोटाव्हेटर असो, पॉवर टिलर असो, गोष्ट तीच.

पहिला गैरसमज आधी काढून टाकू. "एवढं जड आहे, ते कुठं हलतंय?" हे वाक्य मी प्रत्येक वेळी ऐकते. बहुतेक दादा लोकांकडूनच ऐकते, पण बायाही माना डोलावतात. जड वस्तू जमिनीवर ठेवली की हलत नाही हे खरं. चालत्या गाडीवर मात्र वेगळं होतं. तुम्ही एसटीत उभ्या असता, ड्रायव्हरने ब्रेक मारला की गाडी थांबते आणि तुमचं अंग पुढेच जातं. यंत्राचंही तसंच. ट्रॉली ताशी ४० किलोमीटरने चालली असेल, तर यंत्रही सेकंदाला अकरा मीटरने चाललेलं असतं. ट्रॉली थांबली तरी त्याला कुणी थांबवलं नाही तर ते पुढे जाणार. आणि वस्तू जेवढी जड, तेवढा तिला थांबवायला जोर जास्त लागतो. म्हणजे जडपणा आपल्या बाजूने नाही, आपल्या विरुद्ध आहे.

जोर किती लागतो याचा एक ठोकताळा आहे. अमेरिकेतल्या मालवाहू ट्रकच्या नियमात तो लिहिलेला आहे आणि युरोपातही जवळपास तोच धरतात. जोरात ब्रेक लागला तर वस्तूच्या वजनाच्या ०.८ पट, म्हणजे शंभर किलोला ८० किलो, इतका जोर पुढच्या दिशेने येतो असं धरून बांधायचं. वळणावर बाजूला आणि झटका बसला तर मागे, निम्म्या वजनाइतका. आता आपलं यंत्र मोटरीसकट ६०० किलोचं आहे असं धरू. पुढच्या दिशेने ४८० किलो, बाजूला ३०० किलो. पोत्यांच्या हिशेबात सांगते, ५० किलोची साडेनऊ पोती पुढून आणि सहा पोती बाजूने, एका क्षणात अंगावर यावीत तसं. हे कुणी हाताने धरू शकेल का, तुम्हीच सांगा. यावर पुढे बोलायचंच आहे.

हा जोर अडवायला दोन गोष्टी असतात. एक, खालची पकड. दुसरी, बांधणी. आपण बांधणीकडे बघतो आणि पकडीकडे बघतच नाही. खरं तर सगळ्यात स्वस्तात मिळणारी सुरक्षा तिथेच आहे.

ट्रॉलीचा तळ लोखंडी पत्र्याचा. यंत्राचा सांगाडाही लोखंडी. लोखंडावर लोखंड घसरतं. ढोबळपणे, वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकीच पकड मिळते, म्हणजे ६०० किलोला १२० किलो. तळावर डिझेल-ऑइल सांडलेलं असेल, माती असेल तर तेवढीही नाही. आणि सोयाबीनची ट्रॉली नुकतीच रिकामी केलेली असेल, तर चार दाणे कोपऱ्यात राहिलेले असतातच. लोखंडाखाली सोयाबीन म्हणजे गोट्यांवर यंत्र ठेवल्यासारखं. म्हणून पहिलं काम झाडूचं. ट्रॉली आली की भाड्याची घासाघीस करण्याआधी ती झाडून घ्या, तेल पुसून घ्या.

मग यंत्राच्या प्रत्येक पायाखाली रबर टाका. मालवाहतुकीसाठी घसरण थांबवणाऱ्या खास रबरी चटया मिळतात. त्या मिळाल्या तर वजनाच्या निम्म्याहून जास्त, साधारण ०.६ पट पकड धरता येते. म्हणजे त्याच ६०० किलोला १२० ऐवजी ३६० किलो! काही न बांधता पकड तिप्पट झाली. खास चटई नाही मिळाली तर जाड, कोरडा, स्वच्छ रबरी पट्टा, जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचा तुकडा वगैरे चालतो. त्याची पकड चटईइतकी धरू नका, पण नुसत्या लोखंडापेक्षा कितीतरी बरी. गोणपाट टाकू नका, ते स्वतःच घसरतं. आणि रबर चारही पायांखाली हवं. दोन पाय रबरावर आणि दोन लोखंडावर असं नको.

आता बांधणी. आपल्याकडची पद्धत म्हणजे दोरी वरून फिरवायची, या बाजूच्या कडीतून त्या बाजूच्या कडीत, आणि दोघांनी लटकून गाठ मारायची. कडब्याच्या पेंढ्या अशाच बांधतो. वरून टाकलेली दोरी यंत्राला खाली दाबते, त्यामुळे पकड वाढते, एवढाच तिचा उपयोग. ती यंत्राला पुढे जाण्यापासून थेट अडवत नाही. हाताच्या रॅचेटने पट्टा चांगला आवळला तर साधारण ३०० किलोचा ताण येतो. पट्टा दोन्ही बाजूंना सरळ उभा उतरत असेल तर यंत्रावर ६०० किलोचा दाब पडतो. लोखंडावर त्याची पकड मिळते फक्त १२० किलो. म्हणजे रबर नसताना एका पट्ट्याने १२०, यंत्राची स्वतःची १२०, मिळून २४०. आपल्याला हवेत ४८०. तीन पट्टे लागले. चटईवर मात्र यंत्राचीच पकड ३६०, आणि एका पट्ट्याने आणखी ३६०. हा हिशेब वहीत मांडून बघा, मजा येईल. शिवाय यंत्र बुटकं असेल तर पट्टा उभा न उतरता तिरका, आडवा पसरतो आणि दाब आणखी कमी पडतो. जमिनीशी तीस अंशाचा कोन झाला तर दाब निम्माच उरतो.

म्हणून यंत्रासाठी दुसरी पद्धत चांगली. मांडवाचा खांब आपण कसा उभा करतो? चार बाजूंनी चार दोर ताणून. इकडे झुकायला लागला की तिकडचा दोर धरतो. यंत्रही तसंच बांधायचं. सांगाड्याच्या चार कोपऱ्यांपासून चार पट्टे, ट्रॉलीच्या चार कोपऱ्यांकडे, पुढे-मागे आणि थोडे बाहेरच्या बाजूला ताणलेले. ब्रेक लागल्यावर कोणते पट्टे काम करतात? मागचे दोन. ते यंत्राला मागून धरून ठेवतात. बऱ्याच जणी समोर जास्त दोऱ्या बांधतात, पण त्या दोऱ्या यंत्र मागे जाऊ देत नाहीत, पुढे जाताना सैलच पडतात. अमेरिकेच्या त्याच नियमात साडेचार टनाच्या पुढच्या चाकाच्या किंवा पट्ट्यावर चालणाऱ्या अवजड यंत्राला कमीत कमी चार ठिकाणी बांधावंच लागतं. आपलं यंत्र तेवढं जड नाही, पण चारचा आकडा मी सोडत नाही.

पट्टा कुठे अडकवायचा हेही बघा. यंत्राच्या बाजूने लोखंडी सांगाड्यालाच. हॉपरला नाही, पुलीला नाही, पट्ट्यावरच्या जाळीला तर मुळीच नाही. मोटरीला बांधलं तर मोटर वाचेल आणि तिचे बोल्ट तुटतील. ट्रॉलीच्या बाजूने चेसिसला वेल्डिंग केलेल्या कड्यांना. फाळक्याच्या बिजागरीला बांधलेला पट्टा फाळक्यासकट निघून येतो.

दोरी की पट्टा? पिवळी-निळी प्लास्टिकची दोरी उन्हात कडक होते आणि ताण आला की लांबते. सकाळी घट्ट बांधलेली दुपारी सैल. मी म्हणते, गटाने चार रॅचेटचे पट्टे विकतच घ्यावेत. दुकानदार त्याला लॅशिंग बेल्ट म्हणतो. त्याच्यावर एक चिठ्ठी शिवलेली असते, ती बघितल्याशिवाय घेऊ नका. चिठ्ठीवर इंग्रजीत डब्ल्यूएलएल किंवा एलसी अशी अक्षरं आणि पुढे आकडा असतो. ती कामाची मर्यादा. कधी कधी दुसरा मोठा आकडा ठळक छापलेला असतो, तो तुटण्याचा. दुकानदार तोच बोट ठेवून दाखवतो. आपण पहिला बघायचा. एकक डीएएन असं लिहिलेलं असेल तर एक डीएएन म्हणजे साधारण एक किलोचा जोर. माझा हिशेब साधा आहे: प्रत्येक पट्ट्याची कामाची मर्यादा यंत्राच्या पूर्ण वजनापेक्षा कमी नको. ६०० किलोचं यंत्र, तर हजार किलोचा पट्टा. चिठ्ठी नसलेला पट्टा कितीही जाड दिसला तरी घेऊ नका.

पट्ट्याला गाठ मारायची नाही, गाठीपाशी त्याची ताकद निम्म्यावर येते. पीळ पडू द्यायचा नाही. लोखंडाच्या धारेवरून जात असेल तर तिथे टायरचा तुकडा किंवा जाड गोणपाटाची घडी ठेवायची. (गोणपाट इथे चालतं, पायाखाली नाही!) कडेला चिरलेला पट्टा वापरायचा नाही, मग त्याला कितीही पैसे पडलेले असोत. अर्थात कुणी साखळी आणि आवळायचा स्क्रू वापरत असेल तर तेही उत्तम, जड यंत्राला साखळीच बरी.

यंत्र उंच असेल आणि बूड अरुंद असेल तर ते घसरण्याआधी कलंडतं. डाळमिलचं वजन वरच्या भागात असतं. अशा वेळी चार पट्टे सांगाड्याच्या मध्यापेक्षा वरच्या भागाला अडकवा आणि खाली पायांना लाकडी ठोकळे लावा. बैलगाडीच्या चाकाला उटी लावतो, तोच विचार. पुढच्या फाळक्यात आणि यंत्रात फट राहिली असेल तर लाकूड ठोकून ती भरून काढा. चाकं असलेलं यंत्र असेल तर प्रत्येक चाकाच्या पुढे-मागे ठोकळा, आणि हँडब्रेक असेल तर तो ओढलेला. हलणारे भाग, दांडे, झाकणं वेगळी बांधा.

ट्रॉलीवर कुठे ठेवायचं? दोन चाकांच्या ट्रॉलीत वजन अॅक्सलच्या किंचित पुढे यावं. मागच्या टोकाला ठेवलं तर ट्रॉलीचं पुढचं टोक वर उचलायला बघतं, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि ट्रॉली शेपटीसारखी हलते. फार पुढे ठेवलं तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. डावी-उजवीकडे मात्र मधोमध.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला तिकडे येते. यंत्र ट्रॉलीवर चढलं की कुणीतरी म्हणतं, "दोघी-तिघी मागे बसा गं, धरून." आणि आपल्या बाया बसतात. पाठ यंत्राला टेकवून, पदर खोचून, कौतुकाने. गटाचं पहिलं यंत्र असतं, कुणाला घरी आधी पोचायचं नसतं. बाजूच्या तालुक्यातल्या एका गटाची ताई अशीच बसली होती. घाटातल्या वळणावर यंत्र हातभर सरकलं. तिचा पाय यंत्र आणि फाळक्याच्या मध्ये सापडला. आजही ती काठी घेऊन चालते. यंत्राला ओरखडासुद्धा नव्हता. तीनशे किलोचा जोर ती धरणार होती, असं सगळ्यांनी मानलं होतं.

मैत्रिणींनो, यंत्राजवळ कुणीही बसायचं नाही. बांधलेलं असेल तर धरायची गरज नाही, आणि नीट बांधलेलं नसेल तर धरून उपयोग नाही. ट्रॅक्टरच्या मडगार्डवरही नाही. तुम्ही एसटीने या, जीपने या.

यात पैशाचीही बाजू आहे. मालाच्या गाडीत फुकट बसवून नेलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलं. २००७ साली एक प्रकरण तिथे गेलं होतं. वीटभट्टीवर माती नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतला मजूर पडून चाकाखाली आला. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता, ट्रॉलीचा विमाच नाही. विमा कंपनी जबाबदार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मजुराची गरिबी बघून कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत, असा खास आदेश दिला. सगळ्यांना असा आदेश मिळेल असं नाही. म्हणून भाड्याने ट्रॉली घेताना मालकाला दोन कागद मागा: ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हीचं आरसी आणि दोन्हीचा विमा. नोंदणी नुसती शेतीसाठी असेल आणि तो भाड्याने माल नेत असेल, तर अपघात झाल्यावर विम्याची अडचण होणार. अशा वेळी परवाना असलेला पिकअप किंवा टेम्पो घेतलेला बरा, दोन पैसे जास्त गेले तरी. मागायला लाजू नका. आपण बँकेला सतरा कागद देतो, मग एक मागायला काय झालं?

आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि मालासकटचं जास्तीत जास्त वजन, दोन्ही लिहिलेलं असतं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की किती माल चालतो ते कळतं. त्याच्यावर गेलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दंड २०,००० रुपये आहे आणि जादा वजनाच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये वेगळे. माल उतरवण्याचा खर्चही आपलाच. माल गाडीच्या बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीने मर्यादेबाहेर गेला तर त्यालाही २०,००० आणि माल नीट केल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. जागेवर तडजोडीने भरायची रक्कम राज्य सरकार वेगळी ठरवू शकतं, त्यामुळे पावतीवरचा आकडा वेगळा असू शकतो. लाल फडकं बांधलं की बाहेर आलेला पाइप चालतो, हा समज काढून टाका. फडक्याने मागच्याला इशारा मिळतो, परवानगी मिळत नाही. आणि कायद्यात शब्द आहेत चालवणारा, चालवायला लावणारा आणि चालवू देणारा. "भाऊ, जाऊ द्या, एवढ्यासाठी दुसरी फेरी कशाला," असं आपण म्हणतो तेव्हा आपण यातले कोण होतो ते बघा.

निघण्याआधी ट्रॉलीची हिच पिन आणि तिची क्लिप स्वतः बघा. जोडीला साखळी असेल तर ती लावायला सांगा. मागे लाल रिफ्लेक्टर, दिवे चालू आहेत का बघा. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, सगळं वजन ट्रॅक्टरलाच थोपवावं लागतं. म्हणून अकोल्याहून वाशीमकडे येताना पातूरच्या पुढे घाट लागतो, तसा उतार असेल तर लहान गिअरमध्येच उतरायचं, न्यूट्रल करायचं नाही. हे निघण्याआधीच ठरवून घ्या. यंत्राची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून ठेवा, गावात शिरताना खाली लोंबणाऱ्या तारा असतात. अंधार पडायच्या आत पोचायचं.

दोन-तीन किलोमीटरवर गाडी थांबवा आणि चारही पट्टे परत आवळा. सुरुवातीला यंत्र जागेवर बसतं आणि पट्टे सैल पडतात, प्रत्येक वेळी पडतात. मग दर तासाला आणि प्रत्येक मोठ्या खड्ड्यानंतर हात लावून बघायचं. हे काम गटातल्या एकीचं म्हणून ठरावातच नाव घालून लिहा. ठरावात आणखी एक ओळ हवी: वाटेत नुकसान झालं तर कुणाचं? कोटेशनमध्ये गावपोच किंमत लिहून घेतली तर चढवणं, बांधणं आणि पोचवणं दुकानदाराकडे राहतं. आपली गाडी नेली तर दुकानाच्या दारातून बाहेर पडल्यापासून सगळं आपलं. निघताना चारही बाजूंनी मोबाईलवर फोटो काढा, पट्टे दिसतील असे.

गावात पोचल्यावर गर्दी होते, मुलं ट्रॉलीवर चढायला बघतात. त्यांना आधी लांब करा. ट्रॉली सपाट जागेवर, चाकांना दगड लावून. मगच पट्टे सोडायचे, तेही सगळे एकदम नाही. यंत्र वाटेत कललेलं असेल तर ते पट्ट्यानेच उभं राहिलेलं असू शकतं, म्हणून ज्या बाजूला झुकलं आहे त्या बाजूला कुणी उभं नको. उतरवायला चेनकप्पी किंवा मजबूत फळ्यांचा उतार. यंत्र खाली आल्यावर दुकानाच्या पावतीवर सही करण्याआधी पुली हाताने फिरवून बघा, बोल्ट मोजा, आणि काही वाकलं असेल तर ते पावतीवरच लिहून मग सही करा.